शंख फुंकायचा तर फुंका, पण आधी मोजा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शंख फुंकल्याने घोरणं कमी होतं अशी बातमी मध्यंतरी तुमच्या पेपरात आली होती, ती आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर त्याच दिवशी सकाळी साडेसातला पडली आणि आठ वाजेपर्यंत खाली हात जोडलेले, हसून डोळ्यांत पाणी आलेले असे सगळे इमोजी येऊन गेले. त्यात आमच्या ह्यांचे तीन मित्र, तिघांनीही ह्यांना टॅग करून लिहिलं की आता ते मशीन विका आणि शंख आणा (ह्यांना झोपेत श्वास अडकायचा आजार आहे, स्लीप ॲप्निया, त्यासाठी रात्री मास्कचं मशीन लावून झोपतात). मला वाटलं चेष्टा चाललीय, पण संध्याकाळी चहा पिताना हे खरंच म्हणाले, "बघूया का महिनाभर मशीन बंद ठेवून?" म्हणून हे पत्र. मोबाईलवर टाईप करतेय, ३१ वर्षं प्राथमिक शाळेत पोरांचं शुद्धलेखन तपासलं तरी ह्या कीबोर्डपुढे माझं काही चालत नाही, ऱ्हस्व-दीर्घ तुम्हीच बघून घ्या. लांबलं तर कापा पण मोजायचा भाग तेवढा ठेवा.

बातमी खोटी नव्हती हे आधी सांगते. मुलीने मूळ अभ्यास शोधून मला फोनवर वाचून दाखवला. जयपूरच्या डॉक्टरांनी केलाय, ऑगस्ट २०२५ मध्ये ईआरजे ओपन रिसर्च ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. एकूण माणसं ३०, त्यातल्या १६ जणांना शंख फुंकायला शिकवला, १४ जणांना नुसता दीर्घ श्वसनाचा व्यायाम दिला, रोज कमीत कमी १५ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, असं ६ महिने. शंखवाल्यांची दिवसाची पेंग ३४ टक्क्यांनी कमी झाली आणि रात्री श्वास अडकायचं प्रमाण तासाला सरासरी ४ ते ५ वेळांनी उतरलं. सगळे मध्यम आजारवाले. चांगलंच आहे की, गळ्याच्या स्नायूंना व्यायाम होतो त्यात हसण्यासारखं काही नाही. पण तुमच्या बातमीत ते "तासाला ४ ते ५" कुठेच नव्हतं, आणि माझ्या मते सगळी गंमत त्या आकड्यात आहे. त्यावर येतेच, आधी आमचं घरचं सांगते.

आमचे हे साखर कारखान्यात पॅनमन होते. रस आटवून साखरेचा दाणा धरतात ना, त्या पॅनवर. गळीत हंगामात तीन पाळ्या, ह्या आठवड्यात दिवसाची तर पुढच्या आठवड्यात रात्रीची, त्यामुळे माणूस दुपारी झोपला काय नि बसल्या बसल्या डुलला काय, घरात कोणाला काही वाटायचं नाही. शिफ्टची सवय, झालं. पट्टा पडला (म्हणजे हंगाम संपला) की झोप भरून निघेल असं दरवर्षी म्हणायचो, पट्टा पडायचा पण झोप काही भरायची नाही. २०२२ ला रिटायर झाले, आता शिफ्ट नाही काही नाही, रात्री दहाला आडवे आणि सकाळी साडेसहाला उठणार, तरी नऊ वाजता पेपर मांडीवर आणि मान खाली. सत्यनारायणाच्या कथेत झोपले, मुलीच्या सासरची मंडळी समोर बसलेली असताना झोपले, न्हाव्याच्या खुर्चीत तर नेहमीचंच, तो बिचारा वस्तरा हातात धरून थांबून राहायचा.

घोरणं लग्नापासूनचं. सासूबाई तर कौतुकाने सांगायच्या की मामंजी मळ्यात झोपले की गावात ऐकू यायचं. आमच्याकडे घोरणं म्हणजे कष्ट करून पोटभर जेवून गाढ झोपलेल्या माणसाची खूण, त्याला कोण आजार म्हणणार. कुंभकर्ण म्हणायचं, कोपराने ढोसायचं आणि आपण कूस बदलायची, ३४ वर्षं मी तेवढंच केलं.

बाकी तक्रारी मात्र एकेक करून येत गेल्या. बीपीच्या तीन गोळ्या चालू, तरी वरचं दीडशेच्या खाली येईना. रात्री चार-चार वेळा लघवीला उठणं, त्यासाठी प्रोस्टेट तपासून झालं, तिथे काही विशेष निघालं नाही. सकाळी उठल्यावर डोकं जड, म्हणून चष्म्याचा नंबर बदलला. चिडचिड वाढली, ती रिटायरमेंटच्या खात्यावर टाकली. चार तक्रारी, चार डॉक्टर, चार फायली. त्यातल्या एकाने विचारलं, झोप कशी लागते? हे म्हणाले, "उशीला डोकं टेकलं की संपलं." डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. मी शेजारीच बसलेली होते, मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही बोलले नाही, कारण नवरा घोरतो हे काय डॉक्टरांना सांगायचं असतं का, असंच तेव्हा वाटायचं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईचं एक लग्न आटपून महालक्ष्मी एक्सप्रेसने परत येत होतो. स्लीपरचा डबा, ह्यांना खालचा बर्थ, मला समोरचा. पुणे गेल्यावर मला जाग आली तर साइड अप्परवरचा एक विशीतला मुलगा मोबाईल धरून ह्यांचा व्हिडिओ काढत होता आणि त्याचे दोन मित्र तोंडावर उशी धरून हसत होते. मी उठून त्याला झापला, चांगला शाळेतला आवाज काढून, आत्ताच्या आत्ता डिलीट कर म्हणाले. तो घाबरला, सॉरी मॅडम म्हणाला आणि डिलीट करताना मला दिसावं म्हणून फोन माझ्यापुढे धरला. व्हिडिओ चालूच होता. चार मिनिटांच्या वर होता. आधी घोरणं चढत चढत जातं, मग एकदम बंद. व्हिडिओत कोणीतरी म्हणतंय, "सुटलो बाबा." पण शालीखाली ह्यांचं पोट वरखाली होतंय, जोरजोरात, आणि आवाज काही नाही. श्वासच नाही. खाली सेकंद पळत होते ते मी सवयीने मोजले. ३८. मग विहिरीत सूर मारलेलं पोर तळाला जाऊन वर येतं तेव्हा जसा हा करून श्वास घेतं तसा आवाज झाला आणि घोरणं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मी त्या मुलाला म्हणाले, डिलीट करू नको, मला व्हॉट्सॲप कर. त्याला काही कळेना बिचाऱ्याला.

एवढी वर्षं मला कसं कळलं नाही, हे तेव्हापासून मनात आहे. उत्तर सोपं आहे, मला जाग यायची ती आवाजाने, आणि आवाज थांबला की सुटल्यासारखं होऊन माझाही डोळा लागायचा. दुखणं होतं ते नेमकं त्या शांततेत. आवाजाचं काय, तो त्रास आम्हाला. ती शांतता त्यांच्या जिवावरची.

कराडला आल्यावर कोविडमध्ये घेतलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कपाटातून काढलं (प्रत्येकाच्या घरात एक पडलेलं असेल, सेल बदला), ह्यांना झोप लागल्यावर बोटात अडकवलं आणि स्टूल घेऊन शेजारी बसले. ९५, ९४, मग घोरणं थांबलं की थोड्या वेळाने ८८, ८१, ७४, आणि हिसका बसून श्वास आला की परत ९३. कोविडमध्ये ९० च्या खाली आलं तर आम्ही बेड शोधत फिरत होतो, आणि इथे माझ्या पलंगावर रोज रात्री ७४ होत होतं. मी दोनपर्यंत बसले, आकडे वहीत लिहीत. असल्या ऑक्सिमीटरवरून आजार ठरत नाही हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं, पण व्हिडिओ आणि माझी ती वही बघितल्यावर त्यांनी दुसरं काही न विचारता स्लीप स्टडी लिहून दिली.

ह्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत गळ्याचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग थरथरतो ते घोरणं. तिथपर्यंत ठीक, घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो. पण काहींचा रस्ता पूर्ण बंद होतो, छाती-पोट ओढत राहतं आणि हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू माणसाला क्षणभर उठवतो, गळा उघडतो, श्वास येतो, माणूस परत झोपतो आणि सकाळी त्याला ह्यातलं काही आठवत नाही. दर वेळी शरीर घाबरून बीपी वर चढवतं, म्हणून गोळ्यांना दाद नाही. लघवीला उठणंही त्यातलंच, सकाळचं डोकंही त्यातलंच. चार फायलींचं मूळ एका जागी निघालं. एम्सच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये देशातले सगळे अभ्यास एकत्र करून अंदाज काढला की भारतात १० कोटींच्या वर लोकांना हे आहे, म्हणजे तुमच्या वाचकांत घरटी नाही तरी गल्लीत दोघं-तिघं निघतील.

टेस्ट घरीच झाली. रात्री नऊला टेक्निशियन आला, छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, नाकात बारीक नळी, बोटाला क्लिप, आणि सांगून गेला की नेहमीसारखं झोपा. हे म्हणाले असं बैलासारखं सजवून कोण नेहमीसारखं झोपणार, आणि दहा मिनिटांत घोरायला लागले. हॉस्पिटलमध्ये राहून करायची मोठी टेस्ट पण असते, डोक्याला वायरी लावून, ती कोणाला लागते ते डॉक्टर ठरवतात. रिपोर्टमध्ये मुख्य आकडा असतो एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास बंद पडला किंवा अर्धवट झाला, आणि तेही निदान १० सेकंदांचं असेल तरच मोजतात. ५ च्या आत असला तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ह्यांचा आला ४७. झोप साडेसहा तासांची, म्हणजे रात्रभरात ३०० च्या वर वेळा. सगळ्यात लांब थांबा ७१ सेकंद आणि ऑक्सिजन खाली ६८ पर्यंत.

आता शंखाचं गणित करा. चौथीतलं पोर करेल. ४७ मधून ५ गेले, राहिले ४२, अजूनही तीव्रच. एखाद्याचा १८ असेल आणि शंखाने १३ झाला तर त्याचा फायदा खरा, त्याने जरूर फुंकावा, पण आपला आकडा १८ आहे का ४७ हे कळणार कसं, टेस्ट केल्याशिवाय? आमच्या ग्रुपवर ज्यांनी हात जोडले त्यातल्या एकाने तरी मोजलंय का? ह्याआधी २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोकांनी असाच एक अभ्यास केला होता, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचं डिजेरिडू नावाचं लांब नळीचं वाद्य असतं ते २५ जणांवर, चार महिने. त्यातही फरक पडला होता, तेही मध्यम आजारवाले, आणि पुढे २०१७ मध्ये त्याला ते गमतीचं इग नोबेल मिळालं. म्हणजे फुंकण्यात दम आहे, पण त्यासाठी मशीन विकू नका.

मशीनबद्दल लोकांच्या डोक्यात भलतंच असतं म्हणून थोडं सांगते. सीपॅप म्हणतात. ते ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा ठराविक दाबाने नाकातून आत सोडतं, ती हवा गळ्यात पाचरीसारखी बसते आणि रस्ता मिटू देत नाही, एवढंच. कॉलिन सुलिव्हन नावाच्या सिडनीच्या डॉक्टरांनी हे काढलं, १९८१ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात पाच पेशंटवरचा लेख आला, पहिली मशीनं व्हॅक्यूम क्लीनरसारख्या मोटरीवर चालायची म्हणे. त्याच्याआधी तीव्र पेशंटला गळ्याला भोक पाडण्याशिवाय खात्रीचा उपाय नव्हता, हे वाचल्यावर ह्यांची मास्कबद्दलची कुरकुर जरा कमी झाली. पण मशीन आलं त्या आठवड्यात शेजारच्या काकू शहाळं घेऊन बघायला आल्या, कोणीतरी सांगितलेलं की हे ऑक्सिजनवर आहेत! हे बाहेर अंगणात स्कूटर पुसत होते.

पहिला महिना वाईट गेला, खोटं कशाला सांगू. दुकानदाराने मास्क दिला तो हातातला एक उचलून, मापबिप काही नाही, आणि ह्यांना झुपकेदार मिशी, तिच्यातून हवा फुसफुस बाहेर. रात्रभर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसला आवाज. तोंड कोरडं पडायचं, नाकाच्या वर लाल खूण, तीन रात्री तर झोपेतच मास्क काढून फेकलेला सापडला. चौथ्या दिवशी म्हणाले मी असंच मरतो. मग टेक्निशियनला (दुकानदाराला नव्हे, टेस्टवाल्याला) फोन केला, त्याने नाकपुड्यांखाली बसतो तो छोटा मास्क आणला, दाब हळूहळू चढेल असं सेटिंग केलं, ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करायचं मशीनचं भांडं) नळाचं नाही तर डिस्टिल्ड पाणी घालायला सांगितलं आणि दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायला लावलं, सवयीसाठी. मिशीही थोडी कमी केली, लग्नानंतर पहिल्यांदा. ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त चुकल्यासारखं झालं. नात मास्क बघून पायलट आजोबा म्हणते, त्याचा उपयोग माझ्या सगळ्या लेक्चरपेक्षा जास्त झाला.

दीड वर्ष झालं. आता मशीनच्या स्क्रीनवर सकाळी एएचआय दिसतो, २ नाहीतर ३. लघवीला एकदा उठतात. बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली, वजनही ४ किलो उतरलंय त्यामुळे दोन्ही मिळून असेल. सत्यनारायणाची अख्खी कथा ऐकली आणि प्रसाद कमी पडला ह्याच्यावर बोलले पण.

खर्चाचं मात्र बोललंच पाहिजे. टेस्ट, मशीन, दोन मास्क असं सगळं धरून आमचे ७० हजार गेले, पीएफमधले. मेडिक्लेमवाल्यांनी सांगितलं की सीपॅप न मिळणाऱ्या यादीत आहे, ॲडमिट झाला असता तर बघितलं असतं. म्हणजे स्ट्रोक येऊन ॲडमिट झाले असते तर लाखो दिले असते, तो येऊ नये म्हणून ७० हजार नाहीत. केंद्र सरकारच्या लोकांना सीजीएचएस ह्या त्यांच्या आरोग्य योजनेतून नियमात बसलं तर मशीनचे पैसे मिळतात, मग कारखान्याच्या कामगाराचा गळा काय वेगळा असतो का? ह्याच्यावर तुमच्या पेपरने लिहा, शंखावर लिहिलंत तेवढ्याच जागेत लिहा. आणि स्वस्तात मिळतंय म्हणून ऑनलाइन जुनं मशीन कोणी घेऊ नये, २०२१ मध्ये फिलिप्सने आतल्या फोममुळे जगभरातून आपली लाखो मशीनं परत मागवली होती, जुन्या बाजारात काय फिरतंय कोणाला माहीत. दाबही ज्याचा त्याला ठरवून घ्यावा लागतो, ह्यांचा दुसऱ्याला चालत नाही. आणि लाईट गेली की मशीन बंद, आमच्याकडे उन्हाळ्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की रात्री लाईट जातेच, म्हणून इन्व्हर्टरचा एक पॉइंट बेडरूममध्ये ओढून घेतला.

बाकीचे उपाय लोक विचारतात म्हणून पटापट सांगते. दिराने पाच वर्षांपूर्वी नाकाचं हाड सरळ करून घेतलं, नाक मोकळं झालं, घोरणं तसंच, कारण अडथळा गळ्यात होता आणि आधी टेस्ट कोणी केली नव्हती. कुशीवर झोपणं उपयोगाचं आहे, ज्यांचा श्वास उताणं झोपल्यावरच अडकतो त्यांना तर फारच, मी ह्यांच्या बनियनला पाठीमागे खिसा शिवून त्यात रबरी बॉल घातला होता, ह्यांनी रात्री तो काढून नातीला खेळायला दिला. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी कवळीसारखी वस्तू दातांचे डॉक्टर मापाने करून देतात, सौम्य-मध्यमवाल्यांना चालते. रात्रीची दारू आणि आपल्या मनाने घेतलेली झोपेची गोळी, दोन्हीने गळा अजून सैल पडतो. वजन उतरलं तर बऱ्याच जणांचा आकडा खाली येतो हे खरं, अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइड हे वजनाचं इंजेक्शन लठ्ठ माणसांच्या ह्या आजारासाठी मंजूर झालं, आपल्याकडे ते मार्च २०२५ पासून मिळतं, पण ते मेडिकलमधून परस्पर आणून टोचायची चीज नाही. आणि सगळे जाड असतात असंही नाही, लहान जबड्याची सडपातळ माणसंही ह्यात सापडतात. लहान मुलं तोंड उघडं टाकून घोरत असतील तर टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) बघून घ्या, त्यांचा इलाज बहुतेक वेळा ऑपरेशनने होतो. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायचं एक नवीन फॅड रील्सवर आलंय, त्याबद्दल काय बोलावं, आधीच ज्याला श्वास मिळत नाही त्याचं उरलेलं दार पण बंद करायचं.

एक गोष्ट कोणी लिहीत नाही ती बायकांची. माझी धाकटी जाऊ, वय ५३, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. सकाळी उठल्यावर थकलेली, रात्री मध्येच दचकून उठायची, छातीत धडधड, थायरॉइड तपासला नॉर्मल, मग टेन्शन म्हणून गोळ्या. आमचं सगळं झाल्यावर मी तिला हळूच विचारलं, घोरतेस का गं? तर रडायलाच लागली. मुलाच्या लग्नाच्या बोलणीत पाहुण्यांकडे मुक्काम करायचा होता तर ती रात्रभर मुद्दाम जागी बसून राहिली होती, आवाज जाऊ नये म्हणून. पुरुष घोरला की कौतुक, बाई घोरली की अब्रू. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे वाढतं, आणि त्यांची लक्षणं झोप न येणं, थकवा, उदास वाटणं अशी असल्यामुळे डॉक्टरांच्याही चटकन लक्षात येत नाही. तिचा आकडा २२ निघाला. मग तीही शंख फुंकेल हवं तर, तिचं गणित वेगळं आहे, पण तिच्या डॉक्टरांनी तिलाही आधी मशीनच सांगितलंय.

आता मोजायचं. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये आठ प्रश्नांची एक यादी काढली, स्टॉप-बँग म्हणतात. जोरात घोरता का, दिवसा थकवा किंवा पेंग येते का, झोपेत श्वास थांबलेला कोणी बघितलाय का, बीपी आहे का, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर आहे का, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष आहात का. तीन किंवा जास्त हो आले तर तपासायला हवं. मी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली टेप काढून ह्यांची मान मोजली, ४३ भरली. आठातले सात प्रश्न माणूस स्वतः सोडवू शकतो, पण तो श्वास थांबल्याचा प्रश्न झोपलेल्याला सुटत नाही. त्याचं उत्तर बाजूला झोपणाऱ्याकडे, म्हणून डॉक्टर लोकांना माझी हात जोडून विनंती आहे की पेशंटला झोप कशी लागते विचारू नका, सोबत आलेल्या बाईला विचारा. आणि बायांनो, घोरणं ऐकून कूस बदलू नका, थांबलं की मनात एक ते दहा म्हणा. दहाच्या पुढे जात असेल आणि असं वारंवार होत असेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या, ह्या कामाला तो रेल्वेतल्या पोरांनाच वापरायला द्यायचा असं नाही.

बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले तेव्हा डॉक्टरांनी कारण सांगताना ह्याच आजाराचं नाव घेतलं होतं. चार दिवस सगळ्या पेपरांत स्लीप ॲप्निया म्हणजे काय ह्याच्या चौकटी होत्या. मी तेव्हा वाचली होती, त्यांच्या सोन्याच्या साखळ्यांचा फोटो बघितला आणि पान उलटलं. ह्यांचं तेव्हा समोरच्या खुर्चीत पेंगणं चालू होतं.

गाडीचंही लिहायचं राहिलं. टेस्टच्या आधी दोन महिने पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट संपल्यावर सरळ रस्त्यावर आमची गाडी डिव्हायडरकडे सरकत गेली, मी किंचाळले म्हणून वाचलो. ह्यांना अजून वाटतं ते कुत्रं आडवं आलं होतं. मशीन सवयीचं होईपर्यंत डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. समृद्धीवर ७०१ किलोमीटर सरळ रस्ता, रात्रीच्या ट्रॅव्हल्स, ट्रक, आणि लायसन देताना ड्रायव्हरचे डोळे बघतात, मान कोण मोजतंय?

पत्राखाली नाव छापू नका, ह्यांना आवडणार नाही. तसं कराडात सगळ्यांना कळेलच.

आपली,
एक वाचक, निवृत्त शिक्षिका
कराड, जि. सातारा

ता. क. आमच्या देवघरात सासऱ्यांच्या वेळचा शंख आहे. परवा आंघोळ झाल्यावर ह्यांनी तो धुऊन फुंकून बघितला, आधी नुसतीच हवा, मग म्हैस हंबरावी तसा एक सूर निघाला आणि खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. रोज १५ मिनिटं करणार म्हणतायत. मी म्हटलं करा. रात्री मास्क लावलाय की नाही ते मी बघतेच.